ओटा बदलला म्हणजे हवापालट नव्हे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळ्यावरून दोन वस्तू एकदमच खाली उतरतात. एक चकलीचा सोऱ्या आणि दुसरी प्रवासाची बॅग. सोऱ्या कुठे ठेवला आहे हे सौभाग्यवतींना ठाऊक असते. बॅग कुठे न्यायची हे ठरविण्याचा मान मात्र इतकी वर्षे माझ्याकडे होता. तो मान माझ्याकडून कसा गेला, त्याची ही हकिगत. ज्या कुटुंबप्रमुखांच्या डोक्यात यंदा 'कोकणात एखादे घर घेऊन चार दिवस राहावे' असा बेत घोळत असेल, त्यांनी ती सावकाश वाचावी. आणि वाचून झाली की अंक स्वयंपाकघरात नेऊन द्यावा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावी मी अख्खे घर चार दिवसांसाठी घेतले. आम्ही चौघे, आई आणि मेहुण्यांकडचे तिघे, अशी आठ माणसे. दोन वेळच्या आठ ताटांचे हॉटेलचे बिल मी कागदावर मांडले आणि ते पाहून मलाच घाम फुटला. त्यापेक्षा 'सुसज्ज स्वयंपाकघर' असलेले घर काय वाईट? फोनवर त्या घराचे फोटो आले होते. सूर्यास्ताचे तीन, झोपाळ्याचे दोन. स्वयंपाकघराचा एकही नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

ते सुसज्ज स्वयंपाकघर असे होते : एका बर्नरची शेगडी, कान निखळलेली कढई, टोमॅटोवर नुसती घसरणारी सुरी आणि पोळपाट. लाटणे नव्हते. सौ.ने पहिल्या दिवशीच्या पोळ्या सरबताच्या बाटलीने लाटल्या. दुसऱ्या दिवशी वीज गेली. वीज गेल्यामुळे पंप बंद, पंप बंद म्हणून नळ कोरडा. आम्ही मंडळी समुद्रावरून भुकेजून यायचो, जेवायचो, वामकुक्षी करायचो आणि चहाला उठायचो. माझी मेहुणी आणि सौ. मात्र चार दिवसांत दोनदाच समुद्रावर आल्या, आणि दुसऱ्यांदा आल्या तेव्हा अंधार पडला होता.

परतीच्या वाटेवर मी मोठ्या उत्साहाने विचारले, "काय, झाली की नाही हवापालट?"

"झाली की," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "ओटा बदलला माझा."

त्यानंतर पनवेलपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

पुढे मी या गोष्टीचा विचार केला. घर घेऊन हवापालटीला जाण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. पूर्वीची सुखवस्तू मंडळी माथेरानला, महाबळेश्वरला महिना-महिना बिऱ्हाड करीत. बरोबर धान्याचे डबे, स्टोव्ह, वळकट्या आणि स्वयंपाकाला माणूस असे. आपण त्यातले घर तेवढे उचलले, डबेही उचलले, आणि स्वयंपाकाचे माणूस गाळले. गाळले म्हणजे तरी काय? ते आपल्या घरचेच आहे असे गृहीत धरले.

गेल्या वर्षी आईने आपणहून विषय काढला. तिला अठ्ठ्याहत्तरावे लागले होते. गुडघे कुरकुरतात, साखरेचे पथ्य आहे. तिचे माहेर गुहागरकडचे. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने दाभोळला उतरत असे. त्या बोटी आता कधीच्या बंद झाल्या आणि माहेरचे घरही विकले गेले. "एकदा विहिरीच्या पाण्याने न्हायचे आहे रे," ती म्हणाली. "पण हॉटेलात नको. त्या तिखट रश्श्यात मला पथ्य सांभाळता येत नाही."

मी फोन हातात घेतला. सौ.ने तो माझ्या हातातून काढून घेतला. "अहो, या खेपेला चौकशी मी करते."

पहिल्याच घराशी तिची जुंपली. फोटो देखणे, भाडे आश्चर्य वाटावे इतके कमी. "पूर्ण रक्कम अर्ध्या तासात पाठवा, दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे," असा पलीकडून निरोप. ही म्हणाली, "मला फोनवर चालत चालत स्वयंपाकघर दाखवा." त्यानंतर पलीकडून आवाज आला नाही. चिरंजीवांनी तोच फोटो शोधून पाहिला, तर तो दुसऱ्याच गावाच्या नावानेही झळकत होता! वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे : घर हलत्या चित्रात पाहिल्याखेरीज पैसे पाठवू नयेत, सगळी रक्कम आगाऊ देऊ नये, आणि पैसे आपल्याला मिळायचे असतील तेव्हा यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुसरे घर गुहागरचेच निघाले, नारळी-पोफळीच्या आगरातले. मालकीणबाई शेजारच्याच घरात राहणाऱ्या. त्यांचे आणि सौ.चे बोलणे मी शेजारी बसून ऐकले.

"काकू, गॅस किती बर्नरचा?"

"दोन. आणि जोडीला भरलेला सिलिंडर ठेवते."

"भांडी किती माणसांची? लाटणे आहे ना?"

"दहा माणसांची आहेत. लाटणी दोन आहेत हो!"

"वीज गेली तर पाणी?"

"वरची टाकी भरून ठेवतो. तीही संपली तर विहिरीला रहाट आहे."

"सासूबाईंचे गुडघे दुखतात. पायऱ्या किती?"

"ओटीला चार आहेत, आणि कठडा नाही. पण मागच्या अंगणातून एकच पायरी. त्यांना मागून आणा. खुर्चीचा संडासही त्याच बाजूच्या खोलीला लागून आहे."

"आणि आमच्या भावाला मासे लागतात..."

"माजघरात नाही चालायचे, ताई. मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळी भांडी आहेत. तिथे खुशाल करा."

कोकणातल्या पुष्कळ घरांत मासे, अंडी चालत नाहीत. पापलेटची पिशवी हातात घेऊन दारात उभे राहण्यापेक्षा हे आधी विचारलेले बरे. शेवटी मालकीणबाई हसून म्हणाल्या, "ताई, समुद्र किती लांब हे न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"समुद्र कुठे जातोय?" ही म्हणाली. "दुपारचे जेवण तुमच्याकडे मिळेल का, ते सांगा."

आणि इथे खरी गोम होती. कोकणात आता दोन तऱ्हा झाल्या आहेत. एक, किल्ली घेऊन अख्खे घर आपले; दुसरी, घरगुती निवास, जिथे यजमानच जेवू घालतात. सौ.ने यांतून मधली वाट काढली. दुपारचे जेवण काकूंकडून, ताटाच्या हिशेबाने, आईच्या ताटात तिखट कमी आणि गोड वर्ज्य. सकाळची न्याहारी आणि रात्रीचे साधे जेवण आपले आपण. आणि त्या 'आपण'मध्ये कोण कोण, ते तिने निघण्यापूर्वीच कागदावर मांडले. पहिल्या रात्री खिचडी : मी. दुसऱ्या रात्री कुळथाचे पिठले आणि भात : कन्या. मासे : ज्याला लागतात तो. भांडी : चिरंजीव. तिच्या स्वतःच्या नावापुढे एक छोटीशी रेघ होती.

आरक्षणाचा क्रमही सांगून ठेवतो, कारण त्यात पुष्कळांचे चुकते. आधी घराची तोंडी बोलणी, मग गाडीचे तिकीट, मग घराची आगाऊ रक्कम. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे. नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे, आणि दिवाळीत कोकणच्या गाड्या पाहता पाहता भरतात. तिकिटे मिळाली नाहीत तर घर परत कसे करायचे, किती पैसे कापले जाणार, हे आधी लिहून घ्यावे. चिपळूणला उतरून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर. गाडी पहाटे पोचत असेल आणि घर दुपारी बाराला मिळणार असेल, तर म्हाताऱ्या माणसाने मधले तास कुठे काढायचे, हेही विचारावे. आमच्या काकूंनी सकाळीच ओटी उघडून दिली.

ऐन दिवाळीत कोकणात आंबे-फणस नसतात, ही तक्रार मेहुण्यांनी एकदा करून पाहिली. पण भात कापलेली शेते होती, शहाळी होती, आणि पहाटे धुके पांघरलेले आगर होते. आईला आम्ही मागच्या अंगणातून आणले. काकूंनी बंब पेटविला. विहिरीच्या पाण्याने न्हाऊन ती ओटीवर केस वाळवत बसली, तेव्हा तिचा चेहरा मला एखाद्या परकर-पोलक्यातल्या मुलीसारखा दिसला. संध्याकाळी तिला रिक्षातून माहेरच्या घराकडे नेले. तिथे आता सिमेंटचे नवे घर उभे आहे. ती आत गेली नाही. गडग्याशी उभी राहून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "विहीर तीच आहे."

माझी खिचडी किंचित लागली. कोणी बोलले नाही. भांडी घासताना चिरंजीवांनी काय ते मनात म्हटले असावे. तिसऱ्या दिवशी सौ. सकाळी आठपर्यंत झोपली. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, पण घरापासून दूर असताना मी तिला इतक्या उशिरापर्यंत झोपलेली कधी पाहिली नव्हती. तिच्यासाठी मी चहा केला, आईलाही दिला. आईच्या कपातही साखर पडली आहे हे मला फार उशिरा कळले. कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "चहा छान झाला हो," आणि डोळे मिचकावले. सौ.ने मात्र तेवढ्यावरून माझी यथास्थित खरडपट्टी काढली, आणि ती रास्तच होती.

दुपारी ती एकटीच समुद्रावर गेली. मागे काय शिजते आहे, कोण भुकेले आहे, याची चौकशी न करता गेली. सुरूच्या बनातून परत आली तेव्हा पायांना वाळू होती आणि हातात शिंपले होते.

परतीच्या वाटेवर मी काही विचारले नाही. शहाणपण उशिरा का होईना, येते. चिपळूण मागे पडल्यावर तीच म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षी पाच दिवस घेऊ या."

परवा माळ्यावरून सोऱ्याचा डबा खाली काढला, तर आत एक चिठ्ठी होती. काकूंचा फोन नंबर, आणि त्याखाली नवीन कामांची वाटणी. यंदा रात्रीचे पिठले माझ्याकडे आले आहे. मी आतापासून सराव करतो आहे.