सरळ धावेतही कसब असतं!



जुन्या ड्रॅग रेसिंग मोटारींवरचा गेल्या अंकातला लेख आवडला; पण ‘नाकासमोर गाडी पळवायला कसब कसलं?’ हा शेरा खटकला. लेखकाने एकदा आमच्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहावा. धावपट्टी सरळच, खेळ काही सेकंदांचा. तरी सुटतानाच कासरा चुकला की जोडी तिरकी जाते आणि धुरकरी तोंडावर पडतो.

दुसरं असं की, इंजिन चालकाच्या मागे नेण्याची कल्पना अमेरिकी ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सची नव्हे. तसे प्रयोग आधीही झाले होते, फक्त गाड्या सरळ धावत नसत. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात सुटतानाच गार्लिट्सच्या पुढ्यातला गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. दवाखान्यातल्या खाटेवरच गड्याने पुढच्या गाडीचा विचार सुरू केला. मागे इंजिन असलेली ही नवी गाडीही आधी भरकटायची. शेवटी उपाय निघाला तो स्टिअरिंग मुद्दाम मंद करण्याचा, म्हणजे चाक तेवढंच वळवायला हात जास्त फिरवावा लागेल असा. १९७१ मध्ये हीच गाडी जिंकू लागली.

मानवतला कापसाचे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. ढिलं स्टिअरिंग घट्ट करून द्या म्हणणारे रोज येतात. वेगासाठी ते मंद करणारा हा एकच ऐकला.

– एक मेकॅनिक वाचक, मानवत (जि. परभणी)