बालाजी घाटावरील भोंग्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. संबंधित अधिकारी, वाराणसी

विषय : प्रायोजित कार्यक्रमांमुळे घाटाच्या परंपरेची होणारी गळचेपी

महोदय,

पेशवेकाळात उभा राहिलेला आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेलेला बालाजी घाट काशीतील मराठी घरांना परका नाही. येथील बालाजी मंदिराच्या नौबतखान्यात बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणापासून सनईचा रियाज केला. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, २००६ मध्ये ते गेले. हडहा सराय येथील घरातली त्यांची खोली २०२० मध्ये व्यापारी संकुलाच्या बेतापायी पाडली गेली. त्यामुळे रियाजाच्या या जागेचे मोल आता अधिकच वाढले आहे.

त्याच जागेपुढे देवदीपावलीला प्रायोजकाचा मंच उभा राहतो. दुपारपासून ध्वनिचाचणी. केबलची वेटोळी जुन्या दगडी कठड्यात खिळे ठोकून अडकवलेली, जनित्र मंगळागौरी मंदिराच्या वाटेवर, त्याचा धूर दर्शनाच्या रांगेत. भोंगे मात्र नेमके नौबतखान्याकडे रोखलेले! खाँसाहेबांच्या स्मरणार्थ कोणी सनई ओठाला लावलीच, तर षड्ज स्थिरावण्याआधी निवेदक कंपनीचे नाव पुकारतो. शेजारच्या पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांचा हजारा दीपस्तंभ आहे, कार्तिकात तेथे बांबूंवर आकाशदिवे चढतात. त्यांना प्रायोजक कधी लागला नाही.

पर्यटनाला रहिवाशांचा विरोध नाही. नावाडी आणि फुलवाल्यांच्या चुली त्यावरच पेटतात.

मागील कार्तिकाआधीच्या बैठकीत भोंगे नदीकडे वळवण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात वळले ते फक्त जाहिरातफलक, तेही अधिक ठळक दिसावेत म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी 'पुढच्या वेळी नक्की' असे उत्तर मिळाले होते. नियम आपणांस ठाऊक आहेत, ते येथे उगाळत नाही.

मागण्या :

१. नौबतखान्यासमोर मंच, भोंगे व जनित्र यांना परवानगी देऊ नये. उत्सवाच्या दिवसांत पहाटे व संध्याकाळी ठरावीक वेळ सनईसाठी राखावा. त्या वेळी घाटावरील सर्व ध्वनियंत्रणा बंद असावी आणि वादकांचे मानधन प्रायोजन शुल्कातून द्यावे.
२. कठड्यातील खिळे काढावेत.
३. फलक हटवावेत.
४. मंगळागौरीची वाट मोकळी ठेवावी.

बैठकीतील शब्द कागदावर न आल्याने हवेत विरतो, हा अनुभव रहिवाशांनी घेतला आहे. म्हणून यंदाच्या कार्तिक मासारंभापूर्वी लेखी उत्तर मिळावे. आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत.

आपले विनीत,
बालाजी घाट परिसरातील रहिवासी व भाविक