बक्षिसी म्हणजे वेतन नव्हे!

इंदूर हे नगर मराठी माणसाला परके नाही. होळकरांच्या त्या राजधानीत जाऊन आलेला आपल्याकडचा पाहुणा राजवाड्याचे वर्णन दोन वाक्यांत आटोपतो. सराफ्याच्या वर्णनाला मात्र त्याला तास पुरत नाही. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणारी ती पेठ. रात्री दुकानांच्या फळ्या लागल्या की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात आणि भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी, दहीवडे यांचा बाजार मध्यरात्र उलटेपर्यंत गजबजलेला असतो. छप्पन दुकानांची कीर्तीही अशीच दूरवर पसरलेली आहे. खवय्यांनी या नगराचे गुणगान अवश्य करावे. आम्हीही त्यात मागे राहणार नाही. परंतु कढईच्या धगीत उभा असलेला आचारी, धावपळ करणारा वाढपी आणि उष्ट्या भांड्यांच्या ढिगापुढे वाकलेला पोरगा यांच्याविषयी अवाक्षर निघत नाही. उठताना दहाची एक नोट हातावर ठेवली की आपले कर्तव्य संपले, अशी आपली प्रामाणिक समजूत असते. आज त्या समजुतीचीच झडती घ्यावयाची आहे.

इंदूरचेच उदाहरण आम्ही घेतो, याला कारण आहे. मध्य प्रदेशात २०१४ नंतर तब्बल दहा वर्षांनी किमान वेतनाचे दर नव्याने ठरविण्यात आले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते अमलात आले. अकुशल कामगाराचे वेतन प्रतिमास १०,१७५ रुपयांवरून ११,८०० रुपयांवर गेले. वाढ १,६२५ रुपयांची! सव्वीस दिवसांच्या कामाने भागाकार केला, तर दिवसाकाठी साडेबासष्ट रुपये. एवढ्याशा वाढीनेही काहींच्या पोटात गोळा उठला. गिरणीमालकांच्या संघटनेने उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे धाव घेतली. मे २०२४ मध्ये स्थगिती मिळाली आणि सर्वच धंद्यांतील कामगारांचे वेतन पुन्हा जुन्या दरावर आणण्यात आले. ती स्थगिती उठण्यास डिसेंबर २०२४ उजाडावा लागला. दावा गिरणीवाल्यांचा, परंतु त्याची झळ हॉटेलातल्या वाढप्यालाही बसली.

त्या सात महिन्यांत सराफ्यातील एकही कढई थंड झाली नाही आणि गिऱ्हाइकांची गर्दीही ओसरली नाही. खाणाऱ्यांना या घडामोडीची वार्ताही नव्हती. आपण नित्याप्रमाणे दहाची नोट ठेवून, मनाशी संतुष्ट होऊन घरी परतलो. वाचकहो, हिशेब करून पाहा. महिन्याला बुडालेले १,६२५ रुपये बक्षिसीतून भरून यावयाचे, तर त्या वाढप्याच्या हातावर दहाच्या १६२ नोटा पडल्या पाहिजेत, आणि वर पाच रुपये! ज्याने भांड्यांच्या मोरीपाशी पाठ मोडून घेतली, त्याच्यापर्यंत तर तुमची नोट पोहोचतच नाही. कारण त्याचे तोंडही तुम्ही पाहिलेले नसते. बक्षिसी ही दिसणाऱ्याला मिळते, राबणाऱ्याला मिळेलच असे नाही. हा तिचा पहिला दोष.

दुसरा दोष याहून खोल आहे. आपल्या पूर्वजांना देण्याघेण्यातील हा भेद पुरता ठाऊक होता. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना सुगीच्या वेळी खळ्यावर मिळे ते बलुते. आणि दिवाळीस आश्रितांच्या हातावर पडे ती पोस्त. बलुते हा हक्क होता, पोस्त ही खुशी होती. गावगाड्याचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ती व्यवस्था जातीच्या पायावर उभी होती आणि तिने महारामांगांना हक्काच्या नावाखाली उष्टे खाऊ घातले, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्या कठोर व्यवस्थेतसुद्धा कोणी शहाण्याने पोस्तीलाच बलुते म्हटले नाही. तो पराक्रम आमच्या काळातील मालकांनी केला! ‘पगार थोडा आहे, पण वरकड कमाई चांगली होते,’ असे सांगून पोराला कामावर घेणारा मालक काय करतो? आपल्या गल्ल्यातून द्यावयाचे वेतन तो गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टाकतो. गिऱ्हाईक दाता ठरतो, पोरगा याचक ठरतो आणि खरा देणेकरी मात्र गल्ल्यावर स्वस्थ बसून उदबत्ती लावतो.

हा प्रश्न दयेचा नसून कायद्याचा आहे. किमान वेतनाचा कायदा या देशात १९४८ साली झाला. निर्वाहापुरते वेतन मिळवून देण्याचे वचन संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणे म्हणजे वेठबिगार होय. वेठबिगार! जो शब्द आपण जुन्या जहागिरींच्या इतिहासात वाचतो, तो आपल्या नाक्यावरील उपाहारगृहाला लागू पडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतनसंहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व धंद्यांतील नोकरांपर्यंत नेला आहे. कागद भक्कम आहे; उणीव आहे ती तो कागद मालकापुढे धरणाऱ्या हातांची.

मोठ्या उपाहारगृहांनी तर बक्षिसीलाही शिस्त लावली. बिलातच ‘सेवाशुल्क’ जोडावयाचे आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडले की ‘हे आमच्या नोकरांसाठी’ म्हणावयाचे! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी या सक्तीला मनाई केली. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. अखेर २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचाच पक्ष उचलून धरला. निर्णय योग्य झाला, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिऱ्हाइकाचा खिसा राखावयास प्राधिकरण आहे, न्यायालय आहे, वर्तमानपत्रांचे मथळे आहेत. ज्याच्या नावाने ती वसुली चालली होती, त्या वाढप्याच्या पदरात नेमके काय पडत होते, हा प्रश्न मात्र त्या सगळ्या गदारोळात मागेच राहिला.

आता तर बक्षिसीचा लिलावही सुरू झाला आहे. मोटार येण्यापूर्वीच बक्षिसी कबूल करा म्हणजे ती लवकर येईल, असा प्रकार उबर कंपनीच्या अॅपवर आढळला, तेव्हा मे २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने तिला नोटीस धाडली. दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणारा तरुण तर कायद्याच्या लेखी कोणाचा नोकरच नाही! सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांकडून त्यांच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद केली, हे ठीक झाले. पण किमान वेतनाचे छत्र त्याच्या माथ्यावर अद्यापि नाही. पावसात भिजून दाराशी उभा राहिलेल्या त्या पोराला आपण वीस रुपये देतो आणि दार लावून घेतो. कंपनीला तेच हवे असते.

हा रस्ता कोठे जातो, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेकडे पाहा. तेथे यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत चाकरीस ठेवले. वेतन नाममात्र, भिस्त बक्षिसीवर. त्या हमालांनी १९२५ मध्ये संघटना उभारली आणि बारा वर्षे झुंजून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करावयास लावली. तरीही ती चाल मेली नाही. तेथील संघराज्याच्या कायद्यात बक्षिसी घेणाऱ्या नोकरांसाठी मालकाने द्यावयाचे किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, आणि १९९१ पासून ते तेथेच गोठले आहे. इतरांचे किमान वेतन ७.२५ डॉलर. बक्षिसीला कायद्याने वेतनात धरले की वेतन कसे आटते, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? उलट जपानात बक्षिसीची चालच नाही आणि तेथील सेवेच्या तत्परतेची वाखाणणी जगभर होते. तेव्हा ‘बक्षिसीवाचून चाकरी नीट होणार नाही’ हा युक्तिवाद पोकळ ठरतो.

राहता राहिला लहान हॉटेलवाल्याचा आक्षेप. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. कारण तोही आपल्यातलाच कष्टाळू माणूस आहे. परंतु दिवसाला शंभर बशा खपत असल्या, तर साडेबासष्ट रुपयांची वाढ बशीमागे साडेबासष्ट पैसे होते. आचारी, वाढपी आणि भांडीवाला या तिघांचे मिळून दोन रुपयांच्या आसपास. ते दोन रुपये त्याने उघडपणे दरपत्रकात चढवावेत आणि आपण ते कुरकुर न करता द्यावेत. दोन रुपयांसाठी मालकाशी हुज्जत घालावयाची आणि मग औदार्याने दहा रुपये बक्षिसी टाकावयाची, हा आपला न्याय अजब आहे!

मग बक्षिसी देऊच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. आज वेतन अपुरे असताना हात आखडता घेणे म्हणजे मालकाच्या पापाची शिक्षा नोकराला देणे होय. अवश्य द्या, पण बिलात नव्हे, राबणाऱ्याच्या हातात द्या, आणि देऊन गप्प बसू नका. पगार किती, तो वेळेवर होतो काय, आठवड्याची सुट्टी मिळते काय, हे आपुलकीने विचारा. प्रत्येक उपाहारगृहात पदार्थांच्या दरपत्रकाशेजारी किमान वेतनाचे दरही ठळक अक्षरांत टांगलेले असावेत, असा आग्रह गावोगावच्या नागरिकांनी धरावा. आणि या नोकरांनी संघटना बांधली, तर ‘गिऱ्हाइकांची गैरसोय’ म्हणून नाके मुरडू नयेत.

शेवटी एक शब्द आपल्या घराविषयी. धुणेभांडी करणाऱ्या बाईंना दिवाळीला पातळ आणि मिठाई देताना आपला ऊर भरून येतो. त्याच बाईंनी महिन्याचे शंभर रुपये वाढवून मागितले, की आपला सूर बदलतो. पातळाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यांना नसतो आणि वाढीला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपण राखून ठेवलेला असतो. मालकाला जाब विचारण्यापूर्वी आपण हा हिशेब चुकता केला पाहिजे. पोस्त आनंदाने द्यावी. परंतु बलुते चुकते केल्यानंतर. ज्याच्या घामाचे मोल पुरते चुकविलेले आहे, त्याच्याच हातावर ठेवलेली नोट ही खरी बक्षिसी. बाकी सारी थकलेल्या देण्यावरची सारवासारव!