काळजीच्या भाषेतली भीती आम्हाला अभ्यासू द्या

प्रति,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
तसेच मेटा, गूगल आणि एक्स या कंपन्यांचे भारतातील प्रमुख यांस,



१ जुलै २०१८ चा रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे ठरवलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि ठेचून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही जमात. अनोळखी माणूस दारात येणं ही गावाला नवी गोष्ट नव्हती. नवे होते ते आधीचे कित्येक दिवस फोनवर येत राहिलेले मेसेज.

मी समाजशास्त्र शिकवते. परक्या माणसाचा द्वेष समाजमाध्यमांतून मराठीत कसा पसरतो, हा माझ्या विद्यार्थ्यांचा आणि माझा अभ्यासविषय आहे. त्या अभ्यासाच्या वाटा कंपन्यांनी एकेक करून बंद केल्या आणि सरकारने त्या उघडायला लावल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

राईनपाड्याच्या घटनेच्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरली. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यातलं मूल उचलून नेतात. मूळ फीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा फलक दाखवतात. तेवढाच शेवट कोणीतरी कापला. सोबतच्या मजकुरात शिवी नसायची, कोणाच्या जातीचा अपमान नसायचा. टोळी आली आहे, मुलांना सांभाळा, सगळ्यांना पाठवा. आई मुलाला सांगेल त्या सुरात.

माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह भारतातल्या राजकीय व्हॉट्सअ‍ॅप गटांतले सुमारे २० लाख संदेश तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. भीती पेरणारा मजकूर झपाट्याने पसरतो, पण त्यात विखारी शब्द कमी असल्याने यंत्राला तो ओळखणं अवघड जातं. मराठीत तर आमच्याकडे साधनंच मोजकी. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये २५ हजारांहून अधिक मराठी ट्वीट वाचून द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, शिवराळ आणि साधी अशी वर्गवारी केली. फार मोलाचं काम आहे हे. पण ‘आपल्या गल्लीत अनोळखी फेरीवाले वाढलेत, लक्ष ठेवा’ हे वाक्य कोणत्या रकान्यात टाकायचं? ते कधी नुसती काळजी असतं, कधी एखाद्या भाजीवाल्याला वस्तीतून हुसकण्याची तयारी. कोणी लिहिलं, आधी-नंतर काय आलं, किती वेगाने पुढे गेलं, हे दिसल्याशिवाय फरक कळत नाही.

ते दिसणंच बंद झालं आहे. ट्विटरने (आताच्या एक्सने) २०२३ मध्ये विनामूल्य माहितीची सोय काढून घेतली. सार्वजनिक पानांवर काय पसरतंय हे दाखवणारं क्राउडटँगल मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केलं. त्याच्या जागी आलेला मजकुराचा संग्रह पाहू देण्यासाठी अर्जांची छाननी सुरुवातीला मिशिगन विद्यापीठातल्या केंद्राकडे सोपवली. नांदेडच्या किंवा जळगावच्या संशोधकाने मराठी मजकूर वाचण्याची परवानगी परदेशातल्या संस्थेकडे मागायची, हे मला मान्य होत नाही. माझी एक विद्यार्थिनी खानदेशातल्या गावांत जाऊन लोकांना जुने मेसेज दाखवा म्हणून विनवते. फोन बदललेले असतात, मेसेज पुसलेले असतात.

माहिती मिळाली की काय साधतं, ते जर्मनीत दिसलं. कार्स्टन म्युलर आणि कार्लो श्वार्झ यांनी तिथल्या एएफडी पक्षाच्या फेसबुक पानावरचा निर्वासितविरोधी मजकूर आणि निर्वासितांवरचे हल्ले ताडून पाहिले. कुठल्या गावात फेसबुकचा वापर किती, याचा अंदाज त्यांनी न्यूटेलाच्या पानाच्या चाहत्यांवरून बांधला. असा मजकूर वाढला की जास्त वापराच्या गावांत हल्लेही जास्त वाढत. इंटरनेट किंवा फेसबुक बंद पडलं की तो संबंध विरून जाई. सार्वजनिक पानं उघडी होती म्हणूनच हे शक्य झालं.

सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्याच अनुदानातून शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी केलेल्या अभ्यासात, लोक असे मेसेज अडाणीपणाने नव्हे तर मनातल्या पूर्वग्रहांमुळे पुढे ढकलतात, असं आढळलं. पूर्वग्रह आमचे आहेत आणि त्यांवर काम आम्हालाच करायचं आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तिचा मराठी गावांत काय परिणाम झाला, हे बाहेरच्या कोणालाही नीट तपासता आलं पाहिजे.

खासगी गप्पा आम्हाला नकोत. कूटबद्ध संदेश उघडा असंही मी म्हणत नाही. सार्वजनिक पानं, वाहिन्या आणि हटवलेला सार्वजनिक मजकूर नावं काढून विद्यापीठांना द्या. मराठी मजकूर तपासणारी माणसं किती आणि त्यांतल्या कितींना अहिराणी किंवा वऱ्हाडी कळते, हे जाहीर करा.

मंत्रिमहोदय, २०२१ च्या नियमांनुसार पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्या दरमहा अहवाल देतात. तक्रारी आणि कारवाईचे आकडे त्यात असतात; ते भाषावार द्यायला लावा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण कंपन्यांनी संशोधकाला माहिती द्यावी अशी सक्ती नाही. युरोपने डिजिटल सेवा कायद्याच्या ४० व्या कलमात ती केली. तसं एक कलम इथे आणायला काय अडतं, याचं लेखी उत्तर मला हवं आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक अध्यापिका