निरोप कोणत्या वाटेनं धाडावा?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, नंतर लेकीकडे जाऊन आलो, वगैरे कारणं आहेतच. पण खरं सांगायचं तर एक गोष्ट मनात घोळत होती आणि ती सांगावी की नाही ते ठरत नव्हतं, कारण त्यात चूक माझीच आहे.

माझे एक जुने सहकारी, आमचे गणिताचे सर, वारले. बावीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं. त्यांचा पाढ्यांचा आवाज आणि माझा कवितांचा आवाज एकमेकांत मिसळायचा आणि मुलं हसायची. निवृत्तीनंतर ते किनवटला मुलाकडे गेले, मी इथे माहूरलाच राहिलो. त्यांच्या जाण्याची बातमी मला कळली ती आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सकाळी सव्वासहाला. वर कोणीतरी पाठवलेलं गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’, खाली गुडघेदुखीवर मेथीदाण्याचा उपाय, आणि मधे या दोन ओळी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग सगळ्यांनी केलं तेच केलं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले दोन हात. मोबाईल ठेवला आणि चहा घेतला. आपलं कर्तव्य झालं, असं कुठेतरी वाटलंही असेल.

दहाव्याला किनवटला गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी ह्यांचा फोन लई वाजला. उशाशीच होता. पोरगा म्हणला, दोनशेच्या वर निरोप आलेत. पण माझ्याशी कुणी बोललंच नाही."

मला एकदम लक्षात आलं. त्या ग्रुपमध्ये वहिनी नाहीत. त्यांचा मुलगाही नाही. ग्रुपमध्ये होते ते सर स्वतः! म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून गेलेल्या माणसाच्या फोनवर त्याच्याच जाण्याचं दुःख कळवलं, आणि ज्या माउलीला ते कळायला हवं होतं ती शेजारी बसून नुसता टुंग टुंग आवाज ऐकत राहिली. वहिनींचा नंबर माझ्याकडे होता. लावला नाही. फोन लावला असता तर रडणं ऐकावं लागलं असतं, काय बोलावं ते सुचलं नसतं. हात जोडलेलं चित्र पाठवणं सोपं होतं.

तर सांगायचा मुद्दा असा, की निरोप काय आहे याइतकंच तो कोणत्या वाटेनं पाठवतो यालाही महत्त्व असतं. आमच्या पिढीला हे वेगळं शिकावं लागलं नाही, कारण पैसाच शिकवायचा. तारेला शब्दागणिक दर, ट्रंककॉलला मिनिटागणिक, आणि कार्ड पंधरा पैशांत. म्हणून खुशालीला कार्ड, घरगुती गोष्टींना आंतर्देशीय, लग्नाच्या पत्रिकेला हळदकुंकवाची बोटं. तार मात्र फक्त अडीअडचणीला. दारात तारवाला दिसला की बायका आधी रडायला लागायच्या, मजकूर नंतर वाचला जायचा. (कधीकधी ती नोकरीची तार असायची, तो भाग वेगळा!) अशुभाचं कार्ड आलं तर ते वाचून फाडून टाकत, घरात ठेवत नसत. म्हणजे कागद हातात पडताक्षणी बातमीचं वजन कळत असे.

माझ्या आयुष्यातला याचा सर्वांत मोठा धडा १९९३ सालचा. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी ती घरं. झोपलेल्या माणसांवरच कोसळली. सुमारे ८,००० माणसं गेली. माझी थोरली बहीण, आमची अक्का, औसा तालुक्यातच दिलेली. मला बातमी कळली रेडिओवर. पुढं काय करायचं? एसटीडी बूथवर रांगेत उभा राहिलो, लातूरची लाईन लागेना. शेवटी पोस्टात जाऊन दाजींच्या नावानं तार केली. पोस्टमास्तरांनीच मजकूर सुचवला, ‘वायर वेल्फेअर’. दोन शब्द. खुशाली तारेनं कळवा, एवढाच अर्थ.

तार काही आली नाही. नवव्या दिवशी एक कार्ड आलं. अक्षर दाजींचं नव्हतं, मदतीला आलेल्या कोणा कॉलेजच्या पोराचं असावं. "आम्ही सर्व जण जिवंत आहोत. वाडा पडला. तुमची तार मिळाली." ते कार्ड मी फाडलं नाही, अजून जपून ठेवलंय. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या नऊ दिवसांत प्रत्येक साधनानं आपापलं काम केलं. काय घडलं ते रेडिओनं सांगितलं. मला तुमची काळजी आहे, हे तारेनं तिथवर पोहोचवलं. आणि खात्री दिली ती कार्डानं. एकानं दुसऱ्याचं काम करायला घेतलं नाही.

ती तार १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटची स्वीकारली गेली. दीडशेहून अधिक वर्षं चाललेली सेवा बंद झाली. मला त्याचं फार दुःख आहे असं नाही. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. नऊ दिवस वाट पाहणं काय असतं हे ज्यानं पाहिलंय तो मोबाईलला नावं ठेवणार नाही. आज अक्का असती तर मी तिला व्हिडिओवर रोज बघितलं असतं.

पण झालंय काय, की पूर्वी पाच दारं वेगवेगळी होती, आता एकाच चौकटीत सगळी आलीत. एसएमएस, ई-मेल, व्हॉट्सॲप, व्हॉइस मेसेज, फोन, व्हिडिओ कॉल, सगळं त्याच काचेवर आणि जवळजवळ फुकट. पैसा निवडायला लावत होता, तो बाजूला झाला. आता निवड आपल्यालाच करायची आहे, आणि ती आपण करत नाही. जे बोटाखाली आलं ते दाबतो.

यावर तरुण मंडळी म्हणतील, आजोबा, म्हणजे प्रत्येक गोष्टीला फोनच करायचा का? नाही हो! याबाबतीत माझ्या नातीनंच माझे कान उपटलेत. ती पुण्यात नोकरी करते. एकदा मी तिला लागोपाठ तीन फोन केले. ती मीटिंगमध्ये होती, घाबरून बाहेर आली, तिला वाटलं आजीला काही झालं. मला विचारायचं होतं ते एवढंच, की वीजबिल मोबाईलवरून कसं भरायचं! ती म्हणाली, "आजोबा, हे लिहून पाठवायचं. मी सवडीनं सांगितलं असतं, आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला तेच पुन्हा वाचताही आलं असतं." बरोबर होतं तिचं. फोन म्हणजे समोरच्याच्या घरात न विचारता शिरणं. आग लागली तर शिरावं, विळी मागायला शिरू नये.

आणि लिहून पाठवलं की मग वाट बघावी. ही दुसरी गोष्ट आम्हा म्हाताऱ्यांना जमत नाही. २०१४ साली व्हॉट्सॲपवर त्या दोन निळ्या खुणा आल्या आणि आमची झोप उडाली. वाचलं तर उत्तर का नाही? आमच्या माहूरला परशुरामाची कथा सांगतात. आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस, असं त्याला बजावलेलं होतं. त्याला धीर धरवेना, त्यानं वळून पाहिलं, आणि तोवर रेणुकामातेचं नुसतं मुखच वर आलेलं होतं. गडावर आपण दर्शन घेतो ते त्या मुखाचं. दर दोन मिनिटांनी निळी खूण बघणाऱ्यानं ही कथा आठवावी. मी आठवतो (आणि तरी बघतो!).

काही गोष्टी मात्र लेखीच हव्यात. व्यवहाराचं बोलणं, जमिनीची वाटणी, भाड्याचा करार, देण्याघेण्याचे आकडे. हे फोनवर ठरलं की दोन भाऊ दोन वेगळ्या गोष्टी ऐकतात. आमच्याच नात्यात ‘तू असं म्हणाला होतास’ यावरून दोन घरांचं येणंजाणं सहा वर्षं बंद होतं. एक ई-मेल केली असती तर भागलं असतं. आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलं म्हणजे हवेत बोललेलं, असं कोणी समजू नये. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण ती नुसती पोहोचली नव्हती, तर सोबतची फाईल उघडलेलीही दिसत होती. तेव्हा रागाच्या भरात रात्री अकराला लिहिण्याआधी विचार करावा.

त्याच २०१८ सालची दुसरी गोष्ट आठवली की आजही अंगावर काटा येतो. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप मोबाईलवर फिरत होते. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच माणसं गेली ती गेलीच. साध्या कार्डावरसुद्धा खाली नाव असायचं आणि वर पोस्टाचा शिक्का. कुठून निघालं, कधी निघालं, ते कळायचं. पुढे ढकललेल्या निरोपाला ना नाव ना गाव. ज्या बातमीवर कोणाचा जीव अवलंबून आहे ती पुढे ढकलायची नसते. पोलीस ठाण्यात फोन करून विचारायची असते.

मी अजून वर्गात असतो तर पत्रलेखनाच्या तासाला हे फळ्यावर लिहिलं असतं. आमच्या वेळी आम्ही ‘शि. सा. न. वि. वि.’ शिकवायचो, आता दहावीच्या पत्रात ई-मेलचा पत्ता लिहायचा असतो. चांगलंच आहे. पण मायना शिकवण्याआधी तीन प्रश्न शिकवावेत. घाई किती आहे? उद्या हे दाखवायला लागणार आहे का? आणि समोरच्याला मजकूर हवाय की माणूस हवंय?

घाई असेल तर फोन. दाखवायला लागणार असेल तर लेखी. दोन्ही नसेल तर साधा निरोप टाकावा आणि आपल्या कामाला लागावं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘माणूस’ असं आलं, तर मात्र पहिले दोन्ही विसरावेत. जमलं तर जावं. नाही जमलं तर आवाज पाठवावा. काय बोलावं ते सुचत नसेल तर तसंच सांगावं. मी त्या दिवशी वहिनींना फोन लावून नुसतं ‘वहिनी, मी बोलतोय’ एवढं म्हटलं असतं आणि गप्प बसलो असतो, तरी चाललं असतं.

आता दर रविवारी संध्याकाळी मी त्यांना फोन करतो. बोलायला विशेष काही नसतं. पाऊस किती झाला, कापूस कसा आहे, गडावर गर्दी होती का. आमच्या डोंगरात रेंज मधेच जाते, मग गच्चीवर चढावं लागतं. मागच्या रविवारी लाईन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर त्यांचाच फोन आला.

असो. कळावे, लोभ असावा.

ता. क. : नातेवाइकांपैकी जे वाचतायत त्यांना विनंती. पुढेमागे माझी बातमी द्यायची वेळ येईल तेव्हा ग्रुपवर जरूर टाका, पण आधी तुमच्या काकूशी बोला. तिचा नंबर सगळ्यांकडे आहे.