कालवांच्या टाकीतले विरजण

दूध उकळून थंड केले आणि तसेच ठेवून दिले, तर ते काही वेळाने नासते. त्याच दुधाला चमचाभर विरजण लावले, तर दही होते. दोन्हीकडे करणी जीवाणूंचीच. प्रश्न एवढाच, की मोकळ्या जागेत आधी कोण शिरले? कालवांच्या शेतीपुढेही आज हाच प्रश्न आहे.

कालवाचे पिल्लू, म्हणजे डिंभ, एक दिवसाचे असताना मिलिमीटरच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याएवढे असते. दोन-तीन आठवडे ते पोहते आणि मग एखाद्या कठीण पृष्ठभागाला कायमचे चिकटते. पैदास केंद्रात असे लाखो डिंभ एकाच टाकीत सूक्ष्म शैवलांवर वाढवतात. पाणी गाळून, शुद्ध करून घेतले तरी डिंभांबरोबर आणि अन्नाबरोबर जीवाणू आत येतातच. प्रतिस्पर्धी कमी झाल्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या व्हिब्रिओंचे फावते. (कॉलऱ्याचा जीवाणू याच प्रजातीतला.) मग एक-दोन दिवसांत सारी टाकी मरू शकते.

अशा वेळी प्रतिजैविक ओतावे काय? नेहमीचा उपाय म्हणून मुळीच ओतू नये, असे माझे मत आहे. त्याने निरुपद्रवी जीवाणूही मरतात. जे वाचतात ते औषधाला दाद न देणारे असतात, आणि हा गुण जीवाणू एकमेकांना देऊ शकतात. टाकीचे पाणी अखेर समुद्राकडे जाते. कालवे वाचवताना माणसाचे औषध बोथट होणे, हा सौदा महागाचा आहे.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी विरजणाची वाट धरली. एक जीवाणू, फेओबॅक्टर, त्यांना कालवाच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूवर मिळाला. दुसरा, बॅसिलस, समुद्री स्पंजात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डिंभांना २४ तास यांच्या सोबतीत ठेवून मग व्हिब्रिओ सोडले, तेव्हा जास्त डिंभ जगले. फेओबॅक्टर पृष्ठभागावर थर धरतो आणि व्हिब्रिओंना मारक द्रव्य बनवतो. मात्र हितकारक जीवाणू पाण्यातून काढल्यावर हे संरक्षण जेमतेम एक दिवस टिकले. म्हणजे ते पुन्हा पुन्हा घालणे आले.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. म्हणून या मर्यादेला मी यशाइतकेच महत्त्व देतो. ‘हितकारक जीवाणू’ अशी चिठ्ठी लावलेली कोणतीही बाटली टाकीत ओतणे म्हणजे विज्ञान नव्हे. कोणता जीवाणू, कोणत्या जातीच्या डिंभांसाठी, किती प्रमाणात, हे आधी विचारा. त्याच दिवशी, त्याच पाण्याच्या, पण जीवाणू न घातलेल्या दुसऱ्या टाकीत काय झाले, हेही विचारा. ती दुसरी टाकी नसेल, तर डिंभ जीवाणूंमुळे जगले की पाणीच चांगले होते, हे कसे कळणार?

घरी दोन वाट्यांत उकळून कोमट केलेले दूध घ्या. एकीला विरजण लावा, दुसरीला लावू नका. दोन्ही झाकून शेजारी ठेवा आणि दर तीन तासांनी वास व घट्टपणा वहीत नोंदवा. बिनविरजणाच्या दुधाची चव मात्र घेऊ नका. पुढे कोणी कसलाही रामबाण उपाय सांगू लागला, तर त्याला नम्रपणे विचारा, “तुमची दुसरी वाटी कुठे आहे?”