आजारी मूल घरी, पण घरी कोण?

मे २०२५ च्या अखेरीस, उन्हाळी सुटी संपून कर्नाटकातील शाळा पुन्हा भरू लागल्या, त्याच सुमारास राज्य शासनाने शाळांना एक परिपत्रक धाडले. ताप, खोकला, सर्दी अथवा तत्सम लक्षणे असलेल्या मुलांना पालकांनी शाळेत पाठवू नये आणि असे मूल शाळेत आलेच तर शिक्षकांनी पालकांना कळवून त्यास घरी पाठवावे, असा त्याचा आशय होता. त्या महिन्यात देशात कोविडचे रुग्ण पुन्हा थोडेफार वाढू लागले होते आणि बेंगळुरूत एका तान्ह्या बालकास लागण झाल्याचे वृत्तही आले होते. परिपत्रक सर्वस्वी योग्य होते, यात शंका नाही. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे घरी कोणीतरी आहे.

बेंगळुरूसारख्या नगरीत हे गृहीतक तपासून पाहावे लागते. येथे बदलीवर आलेले बँक कर्मचारी, संगणक क्षेत्रातील तरुण दांपत्ये, बांधकामावर राबणारी कुटुंबे यांपैकी कित्येकांची मुळे अन्यत्र आहेत. आजी-आजोबा बेळगावात, सांगलीत किंवा सोलापुरात. पती-पत्नी दोघेही सकाळी आठला घराबाहेर पडतात आणि सिल्क बोर्डच्या चौकातील वाहनांच्या रांगा पार करीत आठ वाजता परततात. सकाळी अकरा वाजता शाळेतून दूरध्वनी आला की, ‘तू जातेस की मी जाऊ?’ हा प्रश्न दोन कार्यालयांच्या मध्ये लोंबकळत राहतो. बहुधा तो कसा सुटतो, हे सर्वज्ञात आहे. शाळेच्या नोंदीत पहिला भ्रमणध्वनी क्रमांक आईचा असतो.

एप्रिल-मे २०२१ चे दिवस वाचकांच्या स्मरणात असतील. २७ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले. रुग्णालयांत खाट मिळणे दुरापास्त झाले होते. प्रौढांची ती दैना चालू असताना मुलांचे आजारपण मात्र बव्हंशी घरातच निभावले गेले, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या उचितही होते. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केलेल्या रक्तद्रव्य पाहणीत सहा ते नऊ वर्षे वयाच्या ५७.२ टक्के, तर दहा ते सतरा वर्षे वयाच्या ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना लागण होऊन गेली होती आणि बहुतेकांच्या घरी त्याची गंधवार्ताही नव्हती. तिसरी लाट मुलांवरच घाला घालील, या भीतीने कर्नाटक शासनाने डॉ. देवी शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. सुदैवाने ती भीती त्या स्वरूपात खरी ठरली नाही. परंतु पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच राहिले. मुलांना विषाणूपेक्षा त्या दीड वर्षाने अधिक छळले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

‘घरी उपचार’ हा शब्दप्रयोग ऐकावयास फार सौम्य वाटतो. प्रत्यक्षात ते एक पूर्णवेळ काम आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्ये मुलांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात दिवसातून दोन-तीन वेळा नोंदी ठेवण्यास सांगितले होते. श्वासाची गती, श्वास घेताना छाती आत ओढली जाते काय, हातपाय गार पडले आहेत काय, लघवी किती वेळा झाली, पाणी किती प्यायले आणि मूल खेळते आहे की नुसते पडून आहे, या त्या नोंदी होत. रकान्यांत काटेकोर नोंद करण्याची सवय असलेल्या बँक कर्मचाऱ्यास हे अवघड नाही. मात्र त्यासाठी मुलाच्या उशाशी बसावे लागते.

यांतील श्वास मोजण्याची नोंद सर्वांत मोलाची असून तिला एक पैसाही लागत नाही. मूल शांत असताना अथवा झोपलेले असताना घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावयाची. दोन महिन्यांखालील बाळात साठ किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांपर्यंत पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक आणि त्यापुढे तीस किंवा अधिक श्वास भरले, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. २०२१ मध्ये बोटाला लावावयाची प्राणवायूमापक यंत्रे घरोघरी आली, पण ती प्रौढांच्या बोटांसाठी घडवलेली होती. तान्ह्याच्या इवल्या बोटावर ती नीट बसत नाहीत आणि भलतेच आकडे दाखवून घरभर घबराट उडवितात. मोठ्या मुलात मात्र हे प्रमाण ९४ च्या खाली गेले, तर ती निश्चितच सावध होण्याची वेळ आहे.

औषधांच्या बाबतीत आपल्या समाजाची वृत्ती उतावीळ आहे, हे मान्य करावयास हवे. साध्या तापाला पॅरासिटामॉल पुरते. तेही वयावरून नव्हे, तर मुलाच्या वजनावरून द्यावयाचे असते. एका वेळी दर किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम आणि दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर, हा त्याचा हिशेब. बाजारात पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप मिळते आणि २५० चेही मिळते. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, की मात्रा नकळत दुप्पट होते. धनादेशावरील रक्कम अंकी व अक्षरी दोन्ही पडताळून पाहणारे आपण बाटलीवरील हा आकडा मात्र वाचीत नाही! ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, आणि सौम्य आजारात स्टेरॉइड अपायकारक ठरतात, असे मंत्रालयानेच तेव्हा स्पष्ट केले होते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने कित्येक बालके दगावली. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सामान्यतः टाळावीत, अशी सूचना त्यानंतर केंद्राने दिली. वाफाऱ्याच्या नादात उकळते पाणी सांडून मुले पोळतात, तो प्रकारही टाळलेला बरा. त्यापेक्षा मऊ भात, पेज, रागीची आंबील, थोडे थोडे पाणी आणि तान्ह्यास आईचे दूध यांवर भर द्यावा. लागण झालेल्या मातेनेही मुखपट्टी लावून, हात धुऊन अंगावर पाजावे, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे होते.

ओठ निळसर पडणे, मूल न जागणे वा काहीच न पिणे, आकडी येणे, लघवी थांबणे यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा ध्यानात राहत नाही. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी क्वचित एखाद्या मुलाला पुन्हा ताप भरतो, तीन दिवस उतरत नाही, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ उठते, पोट दुखते. ही शरीरातील अनेक अवयवांना सूज आणणारी गंभीर अवस्था असू शकते. मागचे आजारपण विस्मरणात गेलेले असते आणि डॉक्टरांना ते सांगितले जात नाही. म्हणून वर सांगितलेली नोंदवही मूल बरे झाल्यावरही दोन महिने जपून ठेवावी.

आता विलगीकरणाविषयी. १८९८ मध्ये प्लेग बेंगळुरूत आला, तेव्हा दाटीची वस्ती टाळण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् ही मोकळी, हवेशीर उपनगरे वसविण्यात आली. सव्वाशे वर्षांनंतर त्याच शहरात एका खोलीत पाचजण राहणाऱ्या कुटुंबास ‘रुग्णासाठी स्वतंत्र खोली ठेवा’ असे सांगितले गेले. मोठ्या माणसाला दाराआड ठेवता येते. तीन वर्षांच्या मुलाला ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. एकाच व्यक्तीने त्याची शुश्रूषा करावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, घरातील वृद्धांना तेवढे दूर ठेवावे, एवढे शक्य असते आणि तेवढे पुष्कळ आहे.

मात्र ‘एकाच व्यक्तीने’ म्हणताच प्रश्न पुन्हा रजेवर येतो. जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांस आईवडील वा अवलंबून असलेले कुटुंबीय बाधित झाल्यास पंधरा दिवसांची विशेष नैमित्तिक रजा देऊ केली होती. विमा नियामकाने २०२० मध्ये आणलेल्या ‘कोरोना कवच’ पॉलिसीत घरच्या उपचारांचा चौदा दिवसांपर्यंतचा खर्च मान्य झाला होता. अट एवढीच की डॉक्टरांच्या देखरेखीचा रोजचा तक्ता असावा. सार्वजनिक बँकांनीही २०२१ मध्ये उपचारांसाठी पंचवीस हजारांपासून पाच लाखांपर्यंत विनातारण कर्जे दिली. म्हणजे घरी केलेली शुश्रूषा हा खरा खर्च आहे आणि तिला वेळ लागतो, हे व्यवस्थेने एकदा तरी मान्य केले होते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित झाले. मुलांचे ताप मात्र संपले नाहीत.

पाच-सहा जणांच्या शाखेत एक खिडकी बंद राहिली, तर रांग वाढते आणि ग्राहक कुरकुरतात, हे खरे. पण त्या रांगेतही कोणाचे तरी मूल घरी तापाने फणफणलेले असू शकते. आजारी अपत्यासाठी घेतलेली रजा ‘वैयक्तिक कारण’ या सबबीखाली दडवावी लागू नये. तिला तिच्याच नावाने मागता यावे, आणि ती मागणारा पुरुष असेल तर व्यवस्थापकाने भुवया उंचावू नयेत. बालवाडीच्या वयातील मुलास पावसाळ्यात असे आजारपण दोन-तीनदा तरी येतेच. शाळा उघडण्यापूर्वी, मे महिन्यातच, शाखेतील अशा पालकांची यादी करून कोणाच्या जागी कोण बसेल हे ठरवून ठेवले, तर अकरा वाजता येणाऱ्या त्या दूरध्वनीने शाखेत वा घरात धावपळ उडणार नाही.